जरा फोन धरा

मराठीत बर्फ पडतो, साचतो, वितळतो.
तळं 'धरलं' असं म्हणायला मी इथं शिकले,
राइनलँडरला, विस्कॉन्सिनच्या उत्तरेला,
जिथं ऑर्व्हिल टेसमरच्या वडिलांनी
एकोणीसशे एकोणपन्नासपासून एका वहीत लिहून ठेवलंय
तळं कधी धरलं, कधी सुटलं.

वही डेअरीनं फुकट वाटलेली. आधीची पानं पेन्सिलीनं:
'२१ नोव्हेंबर. धरलं. वारा नाही.'
'१८ नोव्हेंबर. धरलं. शेजाऱ्यांचं कुत्रं आत पडलं. वाचलं.'
मग ऑर्व्हिलचं अक्षर, बॉलपेन,
आणि तारखा डिसेंबरात घरंगळत गेलेल्या.
गेल्या खेपेला ३ जानेवारी.
पुढे कुत्र्याबित्र्याचं काही नाही.

मार्चच्या एका गुरुवारी
आम्ही चौघं ती वही घेऊन वॉसॉला गेलो,
काँग्रेसमनच्या कचेरीत.
गाडी मार्लिस कोवाल्केनं हाणली,
तीस वर्षं स्कूलबस चालवलेल्या हातांनी.
आवाज चढवायचा नाही, ती म्हणाली. आधी आभार मानायचे.
कशाचे, यावर अर्धा तास गेला.
शेवटी एका पुलाचे मानायचं ठरलं.
टिपणं माझ्याकडे. माझं इंग्रजी चौघांत कच्चं,
पण पॅथॉलॉजीत बाटल्यांवर नावं लिहून लिहून अक्षर सुवाच्य.

साहेब वॉशिंग्टनला. समोर कोल्टन,
चोवीस वर्षांचा, टायची गाठ नवी. पंधरा मिनिटं.
मार्लिसनं पुलाचे आभार मानले आणि मुद्द्यावर आली:
कोळसा, तेल, वायू जिथून निघतो तिथंच शुल्क लावा,
जमलेला पैसा घरटी वाटा,
आणि धुराची मर्यादा दरसाल खाली आणा. कायद्यानं.
बर्नाडीन सूलियर म्हणाली,
आमचा रानतांदूळ पाण्यात उगवतो,
आणि पाण्याला आता ताळतंत्र नाही.
यंदा झोडपायच्या काठ्या आम्ही बाहेर काढल्याच नाहीत.
ऑर्व्हिल बोललाच नाही. वही सरकवली.

पोरानं दोन पानं सौजन्यानं उलटली.
मग बोट लावून वाचू लागला.
एका डिसेंबरावर बोट थांबलं.
'हा माझा वाढदिवस,' म्हणाला. 'मुलं घसरगुंडी खेळताहेत, असं लिहिलंय.'
आणि मान वर करून मला: 'तुम्ही?'

माझी तयारी नव्हती.
म्हटलं, मी चंद्रपूरची.
बाबा औष्णिक वीजकेंद्रात, बरीच वर्षं रात्रपाळीला.
सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळी पूड.
आई झटकायची, बोलायची नाही काही,
माझ्या कॉलेजची फी त्याच धुरातून यायची.
मी कोळशावर दात धरून नाही आले.
पण बाबांना निवृत्तीची तारीख होती,
तशी त्यालाही असावी,
आणि ती कुणीतरी कागदावर लिहावी.

मार्लिसनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला.
टिपणात या मिनिटाची नोंद नाही.

एप्रिलात पत्र आलं. आपल्या मताची कदर आहे.
माझ्या नावात एक अक्षर जास्त.
बिल समितीत गेलं. अजून समितीतच आहे,
तिथं ते धरतही नाही, सुटतही नाही.
मार्लिस दर सोमवारी सव्वानऊला नंबर फिरवते,
थांबवून ठेवतात ती धून तिला पाठ झालीय.
चंद्रपूरहून बहीण विचारते, धरणं धरलंत का कुठं?
नाही गं, आम्ही नुसता फोन धरतो.

ऑर्व्हिलचे हात आता थरथरतात.
वही यंदा माझ्याकडे.

डिसेंबरच्या शेवटी, रविवारी, फोन वाजला. कोल्टन.
कचेरीतर्फे नाही, म्हणाला, सहजच. घसा खाकरला.
'धरलं का?'

खिडकीतून काठाशी काही दिसत होतं,
दुधावरच्या सायीएवढं.
मधलं पाणी काळं. हलतंय की नाही
इथून कळेना.
मी बूट शोधत म्हटलं,
जरा फोन धरा.